करवत उपाशी चालत नाही

मित्रांनो, एक सोपं गणित घालतो. २४४० मिलिमीटर लांबीची एक फळी आहे. तिचे चार सारखे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा किती लांबीचा होईल?

"६१० मिलिमीटर!" तुम्ही लगेच सांगितलंत ना? शाबास. मीही असंच सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नाही, तर संगणकावर तसं सुबक चित्र काढून, छापून, घडी घालून खिशात ठेवलं आणि ऐटीत मिस्त्रींकडे गेलो. पुढे काय झालं ते सांगतो, पण गोष्ट आधीपासून ऐका.

आमच्या गोंडपिपरी तालुक्यात जंगल आहे, धानाच्या बांध्या आहेत, आणि सागवानाचं तर विचारूच नका. जवळच्या बल्लारपूरहून २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेलं. पण सागाच्या मुलखात राहणाऱ्या शाळेला सागाची फळी परवडतेच असं नाही! माझ्या चौथीच्या वर्गात दहा मुलं. सगळी पट्टीवर मांडी घालून बसतात आणि वही जमिनीवर ठेवून, पाठीची कमान करून लिहितात. तासभर शुद्धलेखन झालं की मान चोळत उठतात. त्यांच्यासाठी मांडीवर येईल असं बुटकं, थोडं उतरतं डेस्क करावं, जुन्या पेढ्यांवर मुनीमजींपुढे असायचं ना तसं, असं मनात आलं. पालकांनी थोडी वर्गणी काढली, थोडे मी घातले. प्लायवूडचे दोन पत्रे येतील एवढे पैसे जमले. दोन म्हणजे दोनच. तिसऱ्याचं नाव नाही.

आता प्लायवूडचा मोठा पत्रा आठ फूट बाय चार फूट असतो, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. एकदा करवत चुकीच्या जागी फिरली की संपलं. लाकडाला खोडरबर नाही. म्हणून ठरवलं, आधी डेस्क संगणकात करून पाहायचं आणि मगच लाकडात.

रेघा आणि नाती

संगणकावर वस्तूंचे आराखडे करण्याच्या या पद्धतीला 'कॅड' म्हणतात. 'कॅड' म्हणजे संगणकाच्या मदतीने केलेली रचना. ही काही कालची गोष्ट नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलंड नावाच्या विद्यार्थ्याने 'स्केचपॅड' नावाची प्रणाली तयार केली. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ ओढायची आणि संगणकाला सांगायचं, 'या दोन रेघा समांतर ठेव', 'या दोन सारख्या लांबीच्या ठेव'. मग तुम्ही एक रेघ हलवली की दुसरी आपोआप सरळ व्हायची! पुढे १९९४ साली बोइंग ७७७ हे मोठं विमान पहिल्यांदा उडालं. ते सगळंच्या सगळं संगणकावर आखलेलं होतं.

"सर, विमानवाल्यांचं ते आपल्याला कशाला?" असं तुम्ही म्हणाल. तर आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण देतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी १९८३ साली 'विज्ञान आश्रम' सुरू केला. मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून ते खेड्यात आले. त्यांचं म्हणणं असं की, हाताने काम करता करता मूल जे शिकतं ते पक्कं शिकतं. शाळा अर्धवट सुटलेली मुलंही तिथे येऊन वेल्डिंग, सुतारकाम, शेती, विजेची कामं शिकत. याच पाबळला २००२ साली एमआयटीच्या मदतीने 'फॅब लॅब' सुरू झाली. फॅब लॅब म्हणजे अशी कार्यशाळा, जिथे संगणकावर वस्तू आखायची आणि तिथल्याच यंत्रांवर ती कापून, कोरून घ्यायची. एमआयटीच्या बाहेर जगात निघालेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ही एक, आणि ती न्यूयॉर्कला नाही, लंडनला नाही, तर आपल्या पाबळला!

मग पाबळला जमतं, तर गोंडपिपरीला का जमू नये?

फुटका धुरा

मी निवडलं 'फ्रीकॅड'. नावाप्रमाणेच ते फुकट मिळतं. २००२ पासून जगभरची माणसं ते मिळून घडवत आहेत. त्याची १.० ही आवृत्ती २०२४ साली आली. एकदा उतरवून घेतलं की पुढे इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे नेट कधी असतं, कधी नसतं, त्यामुळे हे फार सोयीचं.

पहिला आठवडा काही विचारू नका. चौकोन काढला आणि त्याला जाडी द्यायला गेलो, तर संगणक ऐकेना. तासभर डोकं खाजवलं. शेवटी लक्षात आलं की चौकोनाचा एक कोपरा केसभर उघडा होता. आपल्या बांधीचा धुरा एका जागी फुटला, तर पाणी थांबेल का? सगळं वाहून जाईल. इथेही तसंच. आकृती चारी बाजूंनी बंद असेल तरच तिच्यात जाडी भरता येते.

दुसरा धडा त्याहून मोठा. मी चौकोनाला माउस लावला की तो रबरासारखा ताणायचा. कारण मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधी ठिपके पक्के होतात, मग रेघा. फ्रीकॅडमध्येही आकृतीला आधी अटी घालाव्या लागतात. ही रेघ आडवी, ही उभी, हिची लांबी ६१०, हा कोपरा या जागी. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या की आकृती हिरवी होते. आता ती ओढून पाहा, जागची हलणार नाही!

आणि तिसरा धडा दर दहा मिनिटांनी 'सेव्ह' करण्याचा. तो मला वीज मंडळाने शिकवला नाही, माझ्या आळसाने शिकवला. लाइट गेले आणि दोन तासांचं काम गेलं. तेव्हापासून हात आपोआप जातो.

माप मुलांचं

डेस्क किती उंच करायचं? संगणक हे सांगत नाही बरं का. ते मुलांनाच विचारावं लागतं. दहाही जणांना मांडी घालून बसवलं आणि पट्टीने मोजलं. जमिनीपासून गुडघा किती वर, कोपर किती वर. सगळ्यात उंच गुडघा निघाला १९ सेंटिमीटरवर. म्हणून डेस्कची पुढची बाजू २२० मिलिमीटर उंच ठेवली, म्हणजे पाय सुखाने आत जातील. मागची २८०. दोन्हीतला फरक ६०, तोच उतार.

एका डेस्कला चार भाग. वरची फळी ६१० बाय ४००. दोन बाजूच्या फळ्या, पुढे २२० आणि मागे २८० उंच. आणि मागून दोन्ही बाजू जोडणारी एक आडवी पट्टी, १५० रुंद. या पट्टीची लांबी मात्र मी आकड्यात लिहिली नाही. मी लिहिलं, 'वरच्या फळीपेक्षा ४० ने कमी'. कारण बाजूच्या दोन फळ्या प्रत्येकी १८ जाड, म्हणजे ३६, आणि दोन्हीकडे २-२ मिलिमीटर फळी बाहेर. हे 'कमी'चं नातं पुढे किती कामाला आलं ते बघाच.

मग पडद्यावर २४४० बाय १२२० चा मोठा आयत काढला आणि त्यात तुकडे मांडले. वरच्या ओळीत चार फळ्या, चार गुणिले ६१० बरोबर २४४०. वा! एक मिलिमीटरही वाया नाही. खालच्या ओळीत आठ बाजू, त्याखाली चार पट्ट्या. एका पत्र्यात चार डेस्क. दोन पत्र्यांत आठ.

आणि मुलं दहा.

दुसऱ्या दिवशी मुलांना मी हे सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग मागच्या ओळीतल्या दोघी म्हणाल्या, "सर, आमी बसतो ना खाली. आमाले सवय हाये."

खरं सांगतो, मित्रांनो, त्या क्षणी मला माझं सुबक चित्र फाडून टाकावंसं वाटलं. दर वेळी 'सवय' असलेल्यांनीच का खाली बसायचं?

मिस्त्रींचं सूत

तेच चित्र घेऊन मी मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी चश्मा लावला, कागद उलटसुलट केला आणि हसायलाच लागले.

"गुरुजी, हे चार तुकडे बराबर दोन हजार चारशे चाळीसचे?"

"हो काका. काहीच वाया नाही."

"मंग करवत काय उपाशी चालते का जी? तिलेबी खावाले लागते ना! एका कापाले एक सूत खाते ते."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर. आपल्याकडचे सगळे मिस्त्री सुतातच मोजतात. १८ मिलिमीटरची प्लाय त्यांच्या भाषेत सहा सूत. आता हिशेब करा. चार तुकडे करायला तीन काप. तीन काप म्हणजे ९ मिलिमीटर लाकडाचा भुसा झाला. म्हणजे शेवटचा तुकडा ६१० नाही, ६०१ चा निघणार. त्या डेस्कची फळी बाजूंवर पुरलीच नसती.

संगणकाच्या रेघेला जाडी नसते. करवतीच्या पात्याला असते. चाळीस वर्षं लाकूड कापलेल्या माणसाला जे एका नजरेत दिसलं, ते मला पंधरा दिवस पडद्याकडे पाहून दिसलं नव्हतं.

घरी आलो आणि ६१० च्या जागी ६०० लिहिलं. तेवढंच. मागची पट्टी आपोआप ५७० ची ५६० झाली, बाजू आपोआप सरकल्या, सगळं डेस्क पुन्हा नीट उभं राहिलं. कारण मी पट्टीला आकडा दिला नव्हता, नातं दिलं होतं. कागदावर हेच करायचं तर सगळं चित्र पुन्हा काढावं लागलं असतं. कॅडची खरी गंमत चित्र छान दिसण्यात नाही, इथे आहे.

पण डेस्क अजून आठच होती.

उलटा तुकडा

मी मुलांना पुठ्ठा दिला. सगळी मापं दहा पटीने लहान केली. पत्रा झाला २४४ बाय १२२ मिलिमीटर, वहीच्या पानात मावेल एवढा. फळी झाली ६० बाय ४०. बाजूचे तुकडे एका अंगाला २८, दुसऱ्या अंगाला २२. "बसवा पाहू," म्हटलं, "कोण जास्त बसवतं!"

मी पडद्यावर माउस फिरवतोय आणि मुलं जमिनीवर पुठ्ठे सरकवताहेत. आणि त्या 'सवय' असलेल्या दोघींपैकी एकीने बाजूचा एक तुकडा उचलला आणि उलटा करून शेजारच्याला चिकटवला. एकाचं रुंद तोंड वर, दुसऱ्याचं खाली. दोन तिरक्या कडा एकमेकींना अगदी चपखल लागल्या. दोघांचा मिळून छान आयत झाला.

"सर, हे पाहा, जागा उरली!"

बघा बरं. मी प्रत्येक बाजूला २८० ची जागा देत होतो. दोन बाजूंना ५६०. उलटसुलट लावल्यावर २८० आणि २२० मिळून ५०० मध्ये काम झालं. प्रत्येक जोडीमागे ६० मिलिमीटर वाचले. समलंब चौकोन तुम्ही भूमितीत शिकाल, तेव्हा ही मैत्रीण आठवा.

मग आम्ही सगळेच पेटलो. पत्र्यावर ४००-४०० च्या तीन ओळी आखल्या. पहिल्या ओळीत तीन फळ्या. दुसरीत दोन फळ्या आणि बाजूंची एक जोडी. तिसरीत बाजूंच्या चार जोड्या. राहिल्या मागच्या पट्ट्या. पहिल्या ओळीत उरलेल्या जागेत एकाखाली एक तीन पट्ट्या ठेवाव्यात, तर तीन गुणिले १५० म्हणजे ४५०, आणि ओळ ४०० ची. बसेना. पुन्हा संगणकावर गेलो. १५० चे १३० केले. डेस्क अजून भक्कम दिसत होतं. तीन गुणिले १३० म्हणजे ३९०, अधिक करवतीचे दोन घास, ६. झाले ३९६. बसलं! उरलेल्या दोन पट्ट्या दुसऱ्या ओळीत गेल्या.

पाच फळ्या, दहा बाजू, पाच पट्ट्या. एका पत्र्यात पाच डेस्क. दोन पत्र्यांत दहा.

कोणीही खाली बसणार नव्हतं. वर्गात जो गलका झाला, तो शेजारच्या वर्गातल्या बाईंना दारात येऊन पाहावा लागला.

पेन्सिलची घसरगुंडी

एवढ्यावर संपलं नाही. जुन्या खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचं एक खऱ्या मापाचं डेस्क आम्ही करून पाहिलं. एक मुलगा ऐटीत बसला, पेन्सिल ठेवली आणि ती घरंगळत सरळ त्याच्या मांडीत! उतार दिला म्हणजे घसरगुंडी आलीच. पडद्यावरच्या डेस्कावर मी कधी पेन्सिल ठेवलीच नव्हती.

उपाय मिस्त्रीकाकांच्या भुशातच सापडला. तीन ओळी म्हणजे १२००, तीन काप म्हणजे ९. पत्रा १२२० रुंद. उरली ११ मिलिमीटरची लांबच लांब काडी. तिचे ४८० चे पाच तुकडे केले आणि प्रत्येक डेस्कच्या खालच्या कडेला एक चिकटवला. पेन्सिल थांबली.

कापायच्या दिवशी काकांनी आधी पत्राच मोजला. "दुकानदार आठ फूट मनते, पन आपन मोजूनच घ्याचं," म्हणाले. गुण्या लावून कोपरे काटकोनात आहेत का ते पाहिलं. मग माझा कागद मागितला, कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या प्रत्येक मिलिमीटरशेजारी आपला इंच-सूत लिहिला. त्या कागदावर आता दोन भाषा आहेत. तो मी जपून ठेवला आहे.

एक गोष्ट पालकांसाठी. तुमच्या घरात कोणी मिस्त्री असेल, टोपल्या विणणारे बुरूड असतील, शिवणकाम करणारी आई असेल, तर 'आम्हाला कॉम्प्युटर येत नाही' म्हणून मुलांपासून दूर बसू नका. बांबूचे दोन कांब कधी सारखे नसतात. प्रत्येकाची गाठ वेगळ्या जागी. ती पाहून कामटी कशी काढायची, हे संगणकाला कळत नाही, बुरुडाच्या बोटांना कळतं. आणि एक आकडा बदलल्यावर वीस आकडे क्षणात बदलायचे कसे, हे संगणकाला कळतं. मुलांनी दोघांकडूनही शिकायला हवं.

करून पाहा

आता तुमची पाळी. संगणक असो वा नसो, हे करता येईल.

वहीच्या पानावर २४४ बाय १२२ मिलिमीटरचा आयत काढा. पान लहान पडलं तर दोन पानं जोडा. जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे कापा. ६० बाय ४० च्या पाच फळ्या, ५६ बाय १३ च्या पाच पट्ट्या आणि दहा बाजू. बाजू ४० लांब, एका टोकाला २८ आणि दुसऱ्या टोकाला २२. सगळं आयतात बसवून दाखवा. आमच्यासारखंच बसवलं पाहिजे असं नाही, दुसरी मांडणीही निघेल. एक सांभाळा. कात्री काही खात नाही, पण करवत खाते. म्हणून तुकड्यांमध्ये पेन्सिलीच्या रेघेएवढी फट सोडा.

आणि हे कोडं. एका पत्र्यात सहावं डेस्क बसेल का? तुकडे सरकवत बसण्याआधी एका डेस्कला लागणाऱ्या सगळ्या तुकड्यांचं क्षेत्रफळ काढा, सहाने गुणा आणि पत्र्याच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहा. उत्तर दोन मिनिटांत मिळेल. पुढच्या भेटीत सांगेन, पण त्याआधी तुम्हीच मला सांगा.

आमच्या वर्गात आता दहा डेस्क आहेत. उलटा तुकडा लावणारी मैत्रीण पहिल्या ओळीत बसते. परवा तिने विचारलं, "सर, आता पुस्तकांची मांडणी करायची का? पत्र्याचा एक तुकडा उरला हाये." मी मोजून पाहिला. ४०० बाय ४१६ चा आहे.

पण या वेळी आधी तिलाच बसवणार आहे संगणकापुढे.